न्यायमूर्तींनी तिला विचारलं

अप्पा,

ते न्यायमूर्ती परवा निवृत्त झाले. तेच, ज्यांच्या फ्लेक्सला मी सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात काळं फासलं होतं आणि तुम्ही मला सोडवायला पोलीस चौकीत आला होतात. दिवसभर मोबाइलवर त्यांचेच फोटो. कुणी म्हणतंय, घटनेचा अर्थ लावावा तर यांनीच. कुणी म्हणतंय, घटना होती तशी राहू दिली असती तर बरं झालं असतं, गेले ते बरं झालं. कुठला निकाल, कशाचा निकाल, हे निम्म्यांना ठाऊक नाही. पण मत प्रत्येकाला आहे. तेव्हा मलाही होतं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सारून विचारलं असतंत, "वाचलाय का ह्यातल्या कुणी?" म्हणून मग तुम्हालाच लिहायला बसलो. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली, की आई तुमच्याविषयी बोलताना हसते. मला अजून ते जमत नाही.

मी लॉच्या तिसऱ्या वर्षाला होतो. पहिल्याच वर्षी तुम्ही मला शिंप्याकडे नेऊन काळा कोट शिवून घेतला होता, आणि तोही मुद्दाम सैल. शिंपी तुम्हाला म्हणाला, "वकीलसाहेब, दोघं मावतील ह्यात." तुम्ही म्हणालात, "भरंल की अंगानं. आन् अंगानं न्हाय भरला तर अकलेनं भरंल." मला लाज वाटली होती. सनद मिळायला कितीतरी वर्षं, आणि कोट तयार. तो कपाटात टांगलेला असायचा आणि मी कपडे काढायला गेलो की माझ्याकडे बघत राहायचा.

आणि तिसऱ्या वर्षी ती केस आली. एक मुलगी घर सोडून दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर राहायला गेली. तिच्या वडिलांनी हायकोर्टात अर्ज केला, मुलीला डांबून ठेवलंय, तिला हजर करा. पोलिसांनी तिला हजर केलं, आणि न्यायमूर्तींनी भर कोर्टात तिला विचारलं: तू राहणार कुठं? कमावतं कोण? आईवडिलांशी बोललीस का? उद्या ह्याच्याशी पटलं नाही तर जाशील कुठं? बस्स. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत 'आईवडिलांना विचारलं का? मुलीला खडा सवाल'. चहाच्या टपरीवर, रिक्षात, कॉलेजच्या पायऱ्यांवर तेच. बापमाणसं खूश. असा जज पाहिजे म्हणे. एका मंडळानं सात रस्त्यावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावला, त्यात न्यायमूर्ती एवढेसे आणि खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांची तोंडं त्यांच्यापेक्षा मोठी. मला ते बघवेना. कारण तेव्हा मी प्रेमात होतो, अप्पा. वर्गातली मुलगी, तेलुगू, विणकरांच्या घरातली. आपण मैंदर्गीचे, घरात निम्मं कानडी बोलणारे. मी मनातल्या मनात आमचं लग्न लावलं होतं, तुमच्याशी भांडून घर सोडलं होतं, हायकोर्टापर्यंत लढून जिंकलोही होतो. आणि इथं हा जज बापाच्या बाजूनं उभा. मी दोन मित्र घेतले, ऑइलपेंटचा डबा घेतला आणि भरदुपारी फ्लेक्सवर चढलो.

चौकीतून तुम्ही मला घरी नेलं नाही. चष्म्याच्या दुकानावरच्या तुमच्या ऑफिसात नेलंत, अशिलाच्या खुर्चीवर बसवलंत. माझ्या हाताला काळा रंग. तुम्ही टेबलावरचे कागद माझ्यापासून लांब सरकवलेत आणि मग उलटतपासणी सुरू.

"काळं कशाला फासलास?"

"तो मुलीच्या विरोधात निकाल देतोय."

"तो न्हाय, ते. कवा दिला निकाल?"

"पेपरात आलंय की."

"पेपरात काय आलंय? वाच."

"विचारलं म्हणून आलंय…"

"विचारलं. विचारलं म्हंजे ठरवलं का?"

मग तुम्ही जरा मऊ झालात. म्हणालात, "मी कवा कवा जिलबी घिऊन घरी येतो, सांग. ज्या दिवशी कोर्ट मला प्रश्न इचारून इचारून घाम काढतं, त्या दिवशी. आन् ज्या दिवशी कायबी न इचारता नुसतं मान हलवतं, त्या दिवशी काय आणतो? कायबी न्हाय. गेली केस." लहानपणी जिलबी आली की आम्हाला वाटायचं अप्पा जिंकले. निकाल अजून महिनोन्महिने लांब असायचा, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणजे ऐकू आलं. डोक्यात तेव्हा राग इतका होता की आत काही शिरत नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून मुठीनं कांदा फोडताय. मी समोर. तुम्ही ताटाकडेच बघत म्हणता, "कोण हाय ती?" मी चमकतो. "फ्लेक्सवर चढणारं पोरगं घटनेच्या प्रेमात नसतंय. हेळप्पा," कानडीतून म्हणता, "सांग की. कुठली?" मी सांगतो. तुम्ही विचारता, "घरी काय करत्यात तिच्या? तुझं शिक्षण कवा संपतंय? राहाणार कुटं?" एकेक प्रश्न मला त्या फ्लेक्ससारखा मोठा दिसायला लागतो. आई म्हणते, "जेवू द्या की त्याला." तुम्ही म्हणता, "जेव. एकच राहिला. तिला इचारलंस का?"

मी ताट सरकवून उभा राहिलो. "विचारलंय! आणि तुम्ही पण त्या जजसारखेच. जात कळली की प्रश्न सुरू." तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. कोर्टात साक्षीदाराकडे बघता तसं नाही, वेगळं. म्हणालात, "बरं. पुढचा प्रश्न न्हाय," आणि कांद्याची पाकळी माझ्या ताटात ठेवलीत. मी ती खाल्ली नाही. सकाळच्या गाडीनं मी कुर्डुवाडीला गेलो. मित्राचा भाऊ स्टेशनातल्या पार्सलच्या ठेकेदाराकडे होता, त्यानं मला चिकटवून घेतलं. कॉलेज सुटलं ते तिथंच.

पुढं निकाल आला. सज्ञान मुलीनं कुणाबरोबर राहायचं हे तिच्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच येतं, बापाची माया खरी पण मायेनं ताबा मिळत नाही, असा घटनेचा अर्थ त्यांनी लावला. मग सात रस्त्यावर फ्लेक्सवाल्या मंडळानंच त्यांचा पुतळा जाळला, आणि ज्या मित्रांनी माझ्यासाठी रंगाचा डबा धरला होता, त्यांनी पेढे वाटले. दोन्हीकडच्या कुणी तो निकाल उघडून बघितला नव्हता. तुम्ही मला फोन केलात, "निकाल आलाय रं. वाचून दाखवू का?" मी म्हणालो, "मला काय करायचंय." मग थोड्या दिवसांनी पुन्हा. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ विचारलंत, "कवा येतोस?" मला वाटलं हुकूमच सोडताय. मी फोन ठेवला. त्या थंडीत तुम्ही ऑफिसच्या जिन्यात बसलात ते उठला नाहीत.

निकाल मी फार उशिरा वाचला, तुमच्या कपाटातल्या छापील प्रतीवरून. न्यायमूर्तींनी त्यात आपले सगळे प्रश्न लिहिलेत आणि प्रत्येकाखाली त्या मुलीचं उत्तर. राहण्याची जागा तिनं बघून ठेवली होती. कमावणार दोघं होते. आईशी बोलली होती, वडिलांनी बोलू दिलं नव्हतं. पटलं नाही तर कुठं जाशील, ह्यावर ती म्हणाली होती की तेही मीच ठरवीन. सगळा निकाल ह्या उत्तरांवर उभा आहे. अर्जात बाप बोलत होता, बाहेर जात बोलत होती, पेपर बोलत होते, मी बोलत होतो, तिच्याच बाजूनं म्हणून बोलत होतो. तिला कुणी विचारलं असेल तर ते फक्त त्यांनी. आणि मी नेमकं त्याच्यासाठी त्यांना काळं फासलं.

गेल्या वर्षी ती मला सात रस्त्यावर भेटली. माझी ती. आता वकील आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करते. स्कूटर थांबवून म्हणाली, "अरे, तू! कॉलेज का सोडलंस रे? सगळे म्हणायचे माझ्यामुळं." मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. "सगळ्या वर्गाला माहीत, तुझ्या घरी माहीत. मलाच तेवढं माहीत नाही. विचारलं असतंस तर नाहीच म्हटले असते मी. पण विचारायचं तरी की!" नाहीच, अप्पा. इतकं सरळ. स्कूटरवर बसल्या बसल्या. आणि मग ती म्हणाली, "तुझे वडील आले होते एकदा कॉलेजात. तू गेल्यावर." मी तिच्या स्कूटरचं हँडल धरलं. "म्हणाले, बाई, माझ्या मुलानं तुला काही विचारलं होतं का? मी म्हटलं, नाही काका. म्हणाले, काही त्रास दिला? म्हटलं, नाही. म्हणाले, मग अभ्यास कर, त्याच्यापायी मन लावून घेऊ नको. मला लई भारी वाटले ते."

म्हणजे मी तिला विचारलंच नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं. साक्षीदार तपासूनच आला होतात, आणि फोनवर त्यातलं चकार शब्दानं बोलला नाहीत. नुसतं "कवा येतोस?" आता त्या दोन शब्दांना मी रोज कानाशी धरून बघतो, त्यात हुकूम कुठं सापडत नाही. 'येतो' म्हणायला काय लागलं असतं? संध्याकाळच्या पॅसेंजरनं निघालो असतो तरी जेवायच्या वेळेला घरात.

हे पत्र कुठं टाकणार? पार्सलच्या कामात राहून इतकं कळतं, की पोचायला पत्ता लागतो. घडी करून कोटाच्या खिशात ठेवीन.

हो, कोट मी कुर्डुवाडीला आणलाय. अंगानं भरलो, अकलेचं तुम्हीच बघा. थंडीत पहाटे फलाटावर तोच घालतो, आणि काळा कोट बघून लोकांना मी टीसी वाटतो. परवा एका म्हातारीनं हात धरला, "साहेब, पंढरपूरची गाडी कुटं लागती? डबा पुढं येतोय का मागं? बसायला मिळंल का?" तिला सगळं नीट सांगितलं. पिशवी घेऊन डब्यापर्यंत गेलो. मी टीसी नाही, हे काही मी तिला सांगितलं नाही.