गाडीतल्या हवेचा आकडा

१ मे
लग्न होऊन मोहाडीला सासरी येताना मला जीपमध्ये दोनदा उलटी झाली होती, शालूवरच. दारातल्या बायकांनी नाकाला पदर लावला. सासूबाई मला आत घेत म्हणाल्या, "कायचा वास? मले तं काहीच येऊन नाही राहिला." बावीस वर्षं झाली. आज का आठवलं कोण जाणे.
मुद्दा वेगळा. नवऱ्यानं, कमलेशनं, जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन तिचं फिरतं घर केलं. पलंग, शेगडी, छताला पंखा. नव्या प्लायवूडचा वास डोक्यात जातो. दहा तारखेला सासूबाईंना घेऊन नागझिऱ्याच्या जंगलाकडे निघायचं. तोवर आतली हवा सुधारणं माझ्याकडे.

४ मे
हवा मोजायचं यंत्र आलं. हिरवं चांगलं, लाल वाईट. धूळ नको म्हणून खिडक्यांच्या फटी आणि छताचा पंखा टेपनं बंद केला. वाळ्याचा पडदा भिजवून लावला. कमलेश म्हणाला, "अन् श्वास कुठून घ्याचा?" त्याला विज्ञानात रस नाही.

९ मे
प्लायवूडचा वास गेला. आंबूस वास आला. सासूबाई काल गाडी बघायला आत बसल्या होत्या, हातात दात घासायच्या तंबाखूची, गुडाखूची डबी. नोंद केली.

१० मे, साकोली
सासूबाई बसल्या की आकडा लाल. चहाला उतरल्या, दार उघडं राहिलं, आकडा हिरवा. तीनदा पडताळलं. मग अगदी प्रेमानं सुचवलं, "आई, ती डबी बाहेर ठेवता का? आणि लुगडंही बदलता का?"
त्यांनी गाठोडं उचललं. "मले एसटीच बरी वं. तिची खिडकी तरी उघडते."
कमलेश म्हणाला, "आता आईले धुऊन वाळत घालाचंच बाकी हाये."
आरोग्यासाठी कधीकधी कठोर व्हावं लागतं.

११ मे, सकाळ
कमलेश दूध आणायला गेला. गाडीत मी एकटी, दार बंद. वीस मिनिटांत लाल. यंत्रात बिघाड. कंपनीला तक्रार लिहिली.

दुपार
तक्रार पाठवली नाही. गादी उचलली. वाळ्याचा जादा पडदा, ओलाच, मी घडी करून गादीखाली, माझ्या उशाशी ठेवला होता. त्यावर बुरशी. हिरवीगार.
कमलेशनं सगळी टेप काढली. चहा उकळेपर्यंत आकडा हिरवा.

१३ मे, मोहाडी
सासूबाईंची चारही लुगडी दोरीवर. डबी अंगणाबाहेर, कुंपणाच्या खांबावर. मी शेजारी बसायला गेले तर सरकल्या. "दूरच बस वं, तुले वास येईन." रागानं नाही म्हणाल्या. राग असता तर बरं झालं असतं.
लग्नाच्या त्या दिवशी दारात त्यांना वास आला होता. नक्की आला होता.
यंत्र पेटीत भरलं. उद्या सकाळी विचारणार आहे. नाहीच म्हणतील, चेहरा दिसतोय मला. तरी विचारणार:
आई, गाडीत चला ना. डबी घेऊन. माझ्याजवळ बसा.