लवूच्या डाव्या हाताला

परळ, माघ वद्य पंचमी, शके १८१७

तीर्थरूप चिंतामणीदादांच्या पायांवर धाकट्या हरेश्वरचा माथा. (माथाच. गुडघा आता टेकत नाही, त्याचं पुढे सांगतो.) तुमचा दमा, वहिनींचे दात आणि तांबडी गाय, तिघांची खुशाली कळवावी. आम्ही इथे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

गिरणीचा साहेब मला वाकडी काठी घेऊन चेंडू मारण्याचा पगार देतो, हे तुम्हाला आजवर पटलेलं नाही. (काठी घेऊन हिंडायचा पगार गुराख्यालाही मिळतो, असं तुम्ही माझ्या लग्नात भर पंगतीत म्हणाला होतात.) पण दादा, कागदावर मी बॉयलरपाशी असलो तरी संसार हॉकीवरच चालला, राहती खोलीही तिच्यावरच मिळाली. दिवाळीनंतर एका सामन्यात गोऱ्या सोजिराची काठी गुडघ्यावर बसली आणि खेळ संपला. साहेबाने निरोप धाडला की तुझ्या पोरांपैकी एक माझ्याकडून खेळला तर खोली राहील, नाहीतर होळीच्या आत रिकामी कर.

मी उलट खुशीत. लवू आणि अंकुश या जुळ्यांना मी चालायला लागल्यापासून तयार केलंय. बांबूच्या मुळाच्या काठ्या, चिंध्यांचा चेंडू आणि नियम एकच: चेंडू आला की भावाकडे. जो जवळ ठेवील त्याला त्या दिवशी कालवणातली माशाची तुकडी नाही, नुसता रस. (त्यांची आई रखमा लपवून वाढायची, पण तीही तुकडी अर्धी होऊन भावाच्या ताटात जायची.) लवू उजवीकडे, अंकुश त्याच्या डाव्या हाताला, मैदानात तसे आणि जेवतानाही तसेच.

परीक्षेच्या दिवशी साहेबाने एकाला या बाजूला घातलं, दुसऱ्याला त्या. इतक्या वर्षांत मी त्यांना समोरासमोर कधी उभंच केलं नव्हतं. लवूने सगळे गडी चुकवले, समोर मोकळा गोल, आणि शहाण्याने चेंडू दिला अंकुशला, म्हणजे वैऱ्याला. अंकुशही खानदानी, त्याने तो लगेच परत केला. मग सारा खेळ त्या दोघांतच. बाकीचे गडी कमरेवर हात ठेवून उभे, एकाने तर खिशातून शेंगदाणे काढले. साहेब आधी हसला, मग लाल झाला. मी कडेवरून बोंबललो, "अरे, त्याला देऊ नको!" हे वाक्य पोरांनी माझ्या तोंडून जन्मात ऐकलेलं नव्हतं. म्हाताऱ्याला काहीतरी झालं असं समजून दोघे काठ्या टाकून माझ्याकडे धावत आले.

घरी रखमा म्हणाली, "पोरांनी बापाशीचां आयकलां, ह्यांच चुकलां काय?" बाकी सर्व ठीक, काळजी नसावी.

ताजा कलम: पत्र आणणारा अंकुश आहे. साहेब लवूला ठेवायला तयार झाला, पण चेंडू पुन्हा भावाकडेच जाईल म्हणून दुसरा मुंबईतसुद्धा नको म्हणतो. तेव्हा अंकुशला तुमच्याजवळ ठेवून घ्या, शेतात लावा, होडीवर लावा. लवू खेळात सरस, म्हणून तो राहतोय. (हे अंकुशजवळ बोलू नका. त्याला माहीत आहे.)

आणखी थोडं, धक्क्यावरून, पेन्सिलीने: बोट सुटायच्या वेळी लवूने भावाच्या खांद्यावरचं गाठोडं काढून घेतलं आणि स्वतःच चढून बसला. समोर मोकळा गोल होता, दादा, आणि पोराने पुन्हा तेच केलं. या खेपेला माझ्याने ओरडवलं नाही. साहेबाला दोघांतला फरक कळत नाही, त्यामुळे खोली राहील. हे पत्र अंकुशच बोटीवर चढून लवूच्या हाती देतोय.

तेव्हा येतोय तो लवू. त्याला काही शिकवू नका. फक्त जेवताना त्याच्या डाव्या हाताला तुम्ही बसत जा, ती जागा रिकामी ठेवू नका. तुमच्या ताटात अर्धी तुकडी येऊन पडेल. नको म्हणू नका, मुकाट्याने खा.

आपला,
हरेश्वर