मुंगी चौथीतच बसेल

दि. ६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला, पण उत्तर लिहायला हात धजत नव्हता. मुंगीचं शाळेत बिनसलंय. नऊ वर्षांची पोर, परवा दप्तर माळ्यावर लपवलं आणि हरवलं म्हणून सांगितलं. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, बाईंनी तिला उभं करून धडा वाचायला लावला होता. ‘भाऊ’चा ‘माऊ’ झाला. तेव्हापासून सगळा वर्ग तिला बघून म्यांव म्यांव करतो.

मी दिवसभर दुकानात चष्म्याची भिंगं घासणारी, त्यामुळे पहिला संशय डोळ्यांवरच. तीनदा तपासले. नजर अशी, की समोरच्या गच्चीवरच्या दोरीला किती चिमटे आहेत ते सांगेल! धडा एकदा वाचून दाखवला की शब्दन्‌शब्द बोलून दाखवते. तोच धडा तिच्या हातात दिला की घाम फुटतो. हिचे बाबा बोटीवर, त्यामुळे मार्चपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. तू एकतीस वर्षं शाळेत शिकवलंस. काय करू, सांग.

रागवायचं तर माझ्यावर रागव, पोरीवर माया असू दे.

तुझी,
धाकटी

दि. १४ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू लहानपणापासून राईचा पर्वत करत आलीस. मुंगीला लिहिण्यावाचण्याचा कंटाळा आहे, दुसरं काही नाही. रोज संध्याकाळी दहा ओळी, आणि चुकलेला प्रत्येक शब्द वीस वेळा. डोळ्यांत पाणी आलं तरी विरघळू नकोस. शाळेत जाऊन वाद घालू नकोस, एवढं मात्र बजावते. आई तुझ्या जिभेला कात्री म्हणायची, ते मी विसरलेले नाही.

तब्येत सांभाळ, माझे आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

दि. २ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. बारा दिवस वीस-वीस वेळा लिहून घेतलं. तेराव्या दिवशी मुंगीने वही मिटली आणि अगदी शांतपणे मला म्हणाली की आई, मी वीस वेळा चुकीचंच लिहिते गं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला मुलांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन सकाळी तिच्यासोबत बसून तपासलं. डिसलेक्सिया आहे म्हणाल्या. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड तिला इतरांसारखी चटकन घालता येत नाही. डोकं तल्लख आहे, आळस नाही. बदलायची आहे ती शिकवण्याची रीत.

अहवाल घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी तो वाचला न वाचला, आणि मुंगीला तिसरीत खाली बसवायचं संमतीपत्र माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, तोंडी परीक्षा घ्या, जादा वेळ द्या. ते म्हणाले, इतर मुलांवर अन्याय होईल. मग कात्री चाललीच. मी विचारलं, तुमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे चष्मे मी स्वतः केलेत, ते परीक्षेच्या दिवशी काढून ठेवायला लावता का? संमतीपत्र मी कोरंच परत केलं. सहामाहीनंतर बघू म्हणतात.

आता तुला विचारते, ताई म्हणून नाही, शाळेतली बाई म्हणून. तू कुणाच्या बाजूची?

उत्तर येईपर्यंत लोभ आहे असंच धरून चालते.

तुझी,
धाकटी

दि. ९ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आल्यापासून घास गोड लागलेला नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या वर्गात सुताराची एक मुलगी होती. ती गोष्ट सांगू लागली की अख्खा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. वही मात्र लालेलाल. त्या वहीवर मी ‘आळशी’ असा शेरा मारला, दोन वर्षं तिला एकाच वर्गात बसवलं. तिसऱ्या वर्षी ती आलीच नाही. मला हायसं वाटलं, धाकटे. हायसं! वीस वेळा लिहून घ्या, हे मी तिच्याही आईला सांगितलं होतं.

सोमवारी येतेय, सहामाही होईपर्यंत राहीन. तोवर ते लिहून घेणं बंद कर. परातीत बारीक वाळू पसरून ठेव. त्यात बोटाने अक्षर गिरवायचं आणि तोंडाने त्याचा आवाज काढायचा. एका वेळी एकच अक्षर, रोज वीस मिनिटं. तिला कंटाळा येण्याआधी आपण उठायचं. इतर विषयांचे धडे आपण वाचून दाखवायचे.

मुख्याध्यापकांकडे या खेपेला दोघी जाऊ. सुताराच्या त्या मुलीबद्दल मीच सांगेन त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं नाही, तर तिथून उठणार नाही.

मुंगीच्या गालाला माझा हात लाव.

तुझी,
ताई

दि. २८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न.

मी बोलतेय आणि आई लिहितेय. एकही शब्द बदलायचा नाही असं कबूल करून घेतलंय.

निकाल लागला. तू आणि आई मुख्याध्यापकांकडे जाऊन बसलात म्हणून विज्ञान तोंडी घेतलं, पन्नासपैकी एकेचाळीस. गणिताचे प्रश्न बाईंनी वाचून दाखवले, छत्तीस. भाषेत चौदा, म्हणजे नापास. आई म्हणाली, चौदा तर चौदा. मी चौथीतच राहणार आणि वार्षिक परीक्षासुद्धा तोंडी होणार. मुख्याध्यापक तसं नुसतं तोंडाने म्हणत होते, पण आईने शिक्क्यासकट लिहून घेतलं.

काल बाईंनी मला पुन्हा वाचायला उभं केलं. मी म्हटलं, बाई, वाचते, पण फक्त चार ओळी, आणि मध्ये कुणी शब्द सांगायचा नाही. बाई हो म्हणाल्या. मी वाचत गेले. एका जोडाक्षरापाशी तर खूपच थांबले. तिसरी ओळ संपली आणि सुट्टीची घंटा झाली. मुलं दप्तरं उचलायला लागली. मी म्हटलं, बसा, अजून एक ओळ राहिलीय.

सगळे बसले. बाईसुद्धा.

तुझ्यावर माझा खूप लोभ आहे, तूही ठेव.

तुझी,
मुंगी
इयत्ता चौथी