ढगांच्या अकरा रात्री

४ मार्च
जमली! आकृती जमली! तीन वर्षं जीव काढला हिनं. पन्नास ठिपके एका वळणावर असे बसलेत की दृष्ट काढावी. सर आले, चष्मा कपाळावर ढकलला, म्हणाले, "एकवीसला संशोधन-मासिकाला पेपर पाठवून टाक. पंचवीसला समिती बसतेय. पेपर गेला असेल तर तुझी दोन वर्षांची मुदतवाढ कुठे जात नाही." नाहीतर महिनाअखेरीला टेबल रिकामं करायचं.
मग बरं वाटायला हवं ना? दुपारभर नुसत्या येरझाऱ्या.

६ मार्च
आईनं विचारलं, "नक्की करतेस तरी काय गं तिकडे?" सांगितलं — दोन तारे, एकमेकांभोवती फिरणारे. एक म्हातारा, फुगलेला, अंगातला वायू सांडणारा. दुसरा लहान, तो वायू ओढून घेणारा. ओढलेला वायू त्याच्याभोवती चकतीसारखा फिरतो, पण सगळा काही पचत नाही. उरलेला वर-खाली दोन झोतांत सुसाट बाहेर. आई म्हणाली, "म्हणजे आमचा धाकटा! बाबांचं सगळं ओरपलं आणि अर्धं उधळलं." मामाचं नाव निघाल्यावर हसून हसून पुरेवाट.
"पण तो झोत दिसतो का?" नाही. लहाना म्हाताऱ्याच्या समोर आला की झोत म्हाताऱ्याचा थोडा प्रकाश खातो, वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यात, एका रेषेशी खळगा पडतो. सव्वादोन वर्षांतून एकदा, ठरल्या वेळी. म्हणून झोत लहान्याचा, आणि अगदी सरळ उभा — हाच माझा पेपर.

९ मार्च
ठिपके पन्नास, एका रात्रीच्या नोंदीचा एक. मूळ नोंदी एकसष्ट! उरलेल्या अकरांपुढे शेरा — "ढग". अक्षर माझंच, पहिल्या वर्षाचं.
उघडून बघितल्या. खळगे आहेत, चांगले खोल. पण भलत्या वेळी! लहाना समोर यायला दीड-दोन महिने अवकाश, आणि खळगा हजर. कुठे तो येऊन गेला तरी हलायला तयार नाही. ढगानं सगळाच प्रकाश कमी होतो, एकाच रेषेशी खळगा पडत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

१० मार्च
दुर्बीण चालवणाऱ्या काकांना गाठलं. त्यांनी स्वतःची वही काढली, बोट फिरवत गेले. "ढग? छे हो ताई! अकराही रात्री लख्ख होत्या. तुम्ही लोक काही कळलं नाही की ढग लिहिता, आम्हाला काय ठाऊक नाही होय!"
लाज वाटली. खरंच रीत आहे ती आमची. पहिल्याच आठवड्यात शिकले होते.

१३ मार्च
चार चहा. एक ओळ नाही.

१६ मार्च
सरांना सांगितलं. त्यांनी आकृती पुन्हा बघितली. मग — "अकरा घातल्या तर वळण मोडतं. का मोडतं हे शोधायला वर्ष जाईल. समिती वर्षभर थांबणार नाही. पहिलं नाव तुझं आहे, तू ठरव." ओरडले असते तर बरं झालं असतं! मलाही त्यांच्यावर ओरडता आलं असतं.
आई म्हणते, "खरं सांगून मोकळी हो. कोण खातंय तुला?"
समिती खाते, आई!

१९ मार्च
ठरलं. अकराही घालणार. मुदतवाढ गेली खड्ड्यात! कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

२१ मार्च
पाठवला. पन्नासच.
सकाळी नऊपासून बोट बटणावर. चार वाजता दाबलं. कुणी जबरदस्ती केली नाही.

२६ मार्च
मिळाली. दोन वर्षं. आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं, "आमची राहिली हो!" सगळे अभिनंदन करतात आणि मला तोंड कुठे लपवू असं होतं.

२ एप्रिल
दुसऱ्या एका गटाचा पेपर आलाय. हाच तारा. म्हणे झोत सरळ उभा नाहीच, भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून खळगा कधी आधी पडतो, कधी उशिरा. आजवर कुणालाच न दिसलेली गोष्ट. सर दारात उभे राहून वाचत होते, आत आले नाहीत.
त्यांचा पुरावा नऊ नोंदींचा आहे. माझ्याकडे अकरा होत्या.