मार्थाआत्याच्या तीन ओळींना उत्तर

सातारा,
शनिवार

ती. मार्थाआत्यास,

प्रभूच्या नावात तुझ्या नथनेलचा सलाम. सलोमीचाही सलाम (पत्र टपालात पडण्याआधी ती वाचणारच आहे, म्हणून तिचा सलाम आधीच लिहून टाकतो). गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की बाटलीकडे नुसती बघतेस? लोणंदला ऊन फार असेल. भर दुपारी बाजारात जाऊ नकोस. फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहितोय.

तुझं कार्ड मिळालं. तीनच ओळी. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंस, त्यामुळे एकही अनुस्वार चुकलेला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पहिल्या ओळीत पत्र पोचल्याचं. दुसरीत, तुम्हाला पोटचं लेकरू व्हावं म्हणून बुधवारचा उपास चालू आहे आणि चालूच राहील. तिसरीत, दुसऱ्याचं लेकरू कडेवर घेऊन मी वेदीपुढे उभी राहणार नाही. आत्या, आमच्या दत्तक लेकीचं, सृष्टीचं समर्पण पुढच्या रविवारी आहे, तिला वेदीपुढे नेऊन प्रभूच्या हाती द्यायचं. आपल्यात लेकराला पुढे आजीच घेऊन जाते. माझी आई नाही, सलोमीची आई नाही. तू आली नाहीस तर लेकरू पुढे कोण नेणार? पाळकसाहेब म्हणाले, चर्चमधल्या आपल्या दादासोंच्या बायकोला सांगू. आत्या, त्या माउलीला दिसत नाही, ती सृष्टीऐवजी फुलदाणी उचलून नेईल.

म्हणून म्हटलं, सगळं पहिल्यापासून सांगावं. सुरुवात तर तूच केलीस. नऊ वर्षांपूर्वी, मी तेहतिशीला टेकलो तेव्हा, सांगलीला एक नर्स मुलगी आहे, जाऊन ये, असं तूच सांगितलंस. वर बजावलंस की जागच्या जागी होकार देऊ नकोस, आधी प्रार्थना कर, मग मंडळीतल्या वडीलजनांना विचार. मी आज्ञाधारक. सातारा स्टँडवर उभ्या उभ्या प्रार्थना केली, आणि अब्राहामाच्या नोकरानं धन्याच्या मुलासाठी बायको शोधताना विहिरीपाशी मागितली तशी खूणही मागितली, की प्रभो, जी न मागता पाणी देईल तीच माझी. (मे महिन्यात सांगलीला जाणाऱ्या माणसानं अशी खूण मागू नये. तिथं दारात उभं राहिलेल्या कुत्र्यालासुद्धा पाणी मिळतं.) पत्ता शोधत पोचलो तर सलोमी ड्यूटीवरून यायची होती. ओट्यावर तिचे घरमालक विष्णुपंत बसले होते, वय सत्तर, बंडी, गळ्यात जानवं. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. न मागता. माझी काय अवस्था झाली असेल बघ. तेवढ्यात त्यांनी विचारलं, मग, पसंत पडली तर लगेच हो म्हणणार ना? मी तुझी शिकवण आठवून म्हटलं, छे छे, तसं कसं, आधी आमच्या मंडळीला विचारावं लागेल.

विष्णुपंत ताडकन उठले. त्यांच्या बोलण्यात मंडळी म्हणजे बायको, आपल्यासारखी चर्चची माणसं नव्हे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी विचारलं, मंडळी कुठं असते? मी म्हटलं, साताऱ्यात. किती वर्षं झाली? मी म्हटलं, शंभराच्या वर. तरी त्यांना शंका आली नाही! सलोमी फाटकातून आत येताच त्यांनी हाळी दिली, पोरी, मागं फिर, ह्या माणसाचं लग्न झालेलं आहे! तिनं सगळं ऐकून घेतलं, मंडळी म्हणजे काय ते तिला लगेच कळलं, आणि ती पायरीवर बसून हसायला लागली. इतकी हसली की उचकी लागली. तांब्यात थोडं पाणी होतं ते मी तिला दिलं. शास्त्रातली खूण उलटी झाली खरी, पण मी काय ते समजलो. होकार मात्र पंधरा दिवसांनी, मंडळीला विचारूनच कळवला. लग्नात विष्णुपंत पुढच्या बाकावर बसले होते आणि आपल्या सगळ्या गीतांना टाळ्यांचा ठेका देत होते, हे तुलाही आठवत असेल.

पुढची वर्षं तुला ठाऊक आहेत, पण सगळी नाहीत. दवाखान्याचं मी लिहीत नाही. मंडळीचं लिहितो. लेकरू होईना तशी जो तो आम्हाला अब्राहामाच्या बायकोचं, सारेचं उदाहरण द्यायला लागला. सारेला नव्वदाव्या वर्षी झालं, म्हणायचे. आत्या, सलोमी तेव्हा चौतीस वर्षांची होती, तिनं काय छप्पन्न वर्षं वाट बघायची? दादासो तर दर रविवारी भर उपासनेत उभे राहून, “परभू, ह्या भगिनीकडं बघ, लय दिस झालं,” अशी गर्जना करायचे, आणि अख्खी मंडळी डोळे मिटण्याऐवजी आमच्याकडे बघायची. माणसं प्रेमाचीच. पण घरी आल्यावर सलोमी डबे घासायला घ्यायची, घासलेलेच परत घासायची, आणि मी पेपर उलटा धरून बसायचो. मग एका बुधवारच्या घरप्रार्थनेत तीच उठली आणि म्हणाली, प्रभो, आम्ही लेकरू दे म्हणत होतो ते बरोबर होतं, पण कुठून दे तेही आम्हीच तुला सांगत बसलो होतो, त्याची क्षमा कर. एवढंच. दादासोंनी आमेन म्हटलं नाही, नाक शिंकरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दत्तक घेण्यासाठी ऑनलाइन नोंदणी केली.

नंबर लागायला तीन वर्षं गेली. मध्ये दत्तक संस्थेतर्फे आमचं घर बघायला राजेश्वरी मॅडम आल्या. आमचे शेजारी निवृत्त सुभेदार ज्ञानू पवार बिल्ले लावून हजर झाले आणि लष्करात भरती चालल्यासारखी माझी उंची, छाती सांगायला लागले. मॅडमनी विचारलं, घरात निर्णय कोण घेतं? मी सवयीनं म्हटलं, मंडळी. म्हणजे सलोमीताई का? मी म्हटलं, नाही, दोनशे माणसं आहेत. (मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुढचा अर्धा तास सलोमी त्यांना समजावत होती.)

आणि मग सृष्टी. वय दोन वर्षं तीन महिने. आम्ही संस्थेत भेटायला गेलो तेव्हा माझ्या मिशा बघून तिनं असं भोकाड पसरलं की सगळी संस्था गोळा झाली. मी तडक बाहेर जाऊन सलूनमध्ये मिशा उतरवून आलो. आता ती आणखीच रडली, कारण हा कोण तिसराच! सलोमी म्हणाली, तुम्ही आता काही करू नका, नुसते बसा. बसलो. पाऊण तास. मग ती आली, माझ्या बुटाच्या नाडीची गाठ सोडली, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या बुटाकडे गेली. महिनाभरानं तिला घरी आणलं, ज्ञानू सुभेदारांच्या गाडीतून. कराड यायच्या आत ती माझा कान मुठीत धरून झोपली. मान अवघडली, पण मी साताऱ्यापर्यंत हललो नाही.

आत्या, आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तू मला उचलून लोणंदला नेलंस. तेव्हा भावाचं रक्त म्हणून नेलंस, की समोर एक पोर रडत होतं म्हणून? भांडायला विचारत नाही. मला खरंच ठाऊक नाही, आणि तूही कधी सांगितलं नाहीस. मला एवढंच आठवतं की तुझ्या पदराला खडूचा वास यायचा आणि मला भीती वाटायची थांबली. मला तू हवी आहेस. लेकरासाठी म्हणतोय, पण माझ्यासाठीही.

गुडघ्याला जप. उत्तर लिहू नकोस, गाडीत बस.

तुझाच,
नथनेल

ता.क. मॅडमनी एक कागद मागितला आहे. आम्हा दोघांना काही झालंच तर सृष्टीला कोण सांभाळेल, त्यावर नात्यातल्या माणसाची सही लागते. मी तुझं नाव लिहून टाकलं आहे. पेनानं. विचारायला हवं होतं, पण दुसरं नाव सुचलंच नाही. कागद सोबत जोडला आहे, फुलीपाशी सही कर.

ता.क. (सलोमीचा) आत्याबाई, सलाम. यांनी हे पत्र चार वेळा फाडून लिहिलं आणि मुख्य गोष्ट राहिलीच. फळीवर आमच्या लग्नातला तुमचा फोटो आहे, तुम्ही फोटोवाल्यावर ओरडताय तो, तोंड उघडं. सृष्टी आल्यावर तीन दिवस कुणाच्या हातून काही खात नव्हती. चौथ्या दिवशी तिनं तो फोटो बघितला आणि बिस्कीट घेऊन सरळ तुमच्या तोंडाला लावलं. मग उरलेलं स्वतः खाल्लं. तेव्हापासून रोज सकाळी आधी तुम्हाला, मग तिला. काच पुसून माझे हात दुखतात. काल मात्र ती फोटो घेऊन माझ्याकडे आली आणि रडायला लागली, “आज्जी खाईना.” मी तिला सांगून बसले आहे की आजी रविवारी येते, आणि खाते.