तीन मिनिटं

रत्नागिरी,
१२ डिसेंबर २००१

ती. आप्पांस,
कॉलेजच्या खो-खो संघात मी खेळते, असं घरी सांगत आले. ते खरं नाही. शाळेत कप्तान होते, इथे राखीव आहे. जुलैपासून एकाही सामन्यात उतरले नाही. मुलींना पाणी देते, चपला सांभाळते.

शनिवारी तुम्ही न कळवता पावसच्या घरून सामना बघायला आलात. पिशवी काखेत धरून कुंपणाशी उभे होतात. मी तुम्हाला बघितलं आणि पाण्याच्या पिंपामागे बसले. शेवटपर्यंत थांबून, मला न भेटताच तुम्ही स्टँडकडे गेलात.

रविवारी घरी आले, तेव्हा अंगणात पाय धुताना आतलं ऐकू आलं. आई विचारत होती, "काल कशी खेळली हो?"

"तीन मिनिटं पळाली. कुणाला गावली नाही," तुम्ही म्हणालात. "पण मी गेलो होतो ते बोलू नको तिला. लाजेल ती."

मी पुन्हा पाय धूत राहिले.

सोमवारपासून सराव संपला की अर्धा तास एकटीच खांबाभोवती पळते. संघात जागा मिळेल की नाही, ठाऊक नाही. हे पत्र टाकणार नाही. तुम्ही आईशी खोटं बोललात, ते मी ऐकलं हे तुम्हाला कळायला नको.

तुमची,
उमा