उजवा गोल

३ डिसेंबर १९९८, गुरुवार

पुन्हा तेच! डावा गोल कसा — तव्यावरच्या भाकरीसारखा. उजवीकडे वळवली की कावेरी बाहेर निसटते आणि गोलाचा भोपळा होतो. उजवा लगाम धरला तर मान वळवते, अंग मात्र डावीकडे वाहत जातं.

कळत नाही. मुंबईच्या शर्यतीतली घोडी ही. तिकडे सगळी घोडी उजव्या हातालाच वळत पळतात. म्हणजे हिला ही बाजू सोपी असायला हवी. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आली तेव्हा वळतही होती. मग मधल्या काळात झालं काय?

अमरसिंह कुंपणाला टेकून बघत होते. तबेला त्यांचा, घोडीही त्यांचीच. पलटणीतून सुटून आल्यावर मी त्यांच्याकडे घोडी फिरवतो, पोरांना बसायला शिकवतो. वयानं माझ्या मुलासारखे, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"अप्पा, पुण्याच्या स्पर्धेत जाऊन हे दाखवायचं व्हय?"

घोडीचं अंग चोळून काढलं आणि घरी आलो.

६ डिसेंबर, रविवार

आज सुट्टी. शिवम्माला अंघोळ घालून खुर्चीत बसवलं. दीड वर्षापूर्वी अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून डावी बाजू तिची राहिली नाही. बोलणं मात्र परत आलं — पहिल्यापेक्षा धारदार आलं.

माझी पूजा आटोपली की तिची. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, आणि तिचा तोच तळहात मिटलेला. मी बोटं उलगडतो, खालून माझा हात लावतो, वर तिचा, त्यावर लिंग. ती डोळे मिटते. मी मिटत नाही — हात हलेल म्हणून. तिच्या तोंडाकडे बघत राहतो. माझी खरी पूजा तेव्हाच होते, असं कधी कधी वाटतं.

नंतर विचारते — तिचं 'री' म्हणजे कानडीतलं 'अहो' — "री, पुण्याला नक्की करायचं काय असतंय? उड्या न्हाईत, शर्यत न्हाई. मग लोक बघत्यात काय?"

मी म्हटलं, "ड्रेसाज म्हणतात त्याला. गोल म्हणजे गोल, सरळ म्हणजे सरळ. चाल बदलायची ती ठरल्या जागी. आणि मुख्य म्हणजे स्वारानं काय सांगितलं ते बाहेरच्याला दिसता कामा नये. घोडं आपल्या मनानंच करतंय असं वाटलं पाहिजे."

"एवढंच? मग तुम्हाला मी इतकी वर्षं तसंच चालवलं की!"

दोघंही खूप हसलो.

११ डिसेंबर, शुक्रवार

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. दात बरोबर, पाठ बरोबर. नालवाल्या केरबाला बोलावलं. त्यानं चारी खूर उचलून बघितले, टाच ठोकली, पुढं पळवून बघितली.

"पायात काय बी न्हाय, अप्पा. आता तुमच्या टाचंला नाल मारू का?"

तबेल्यातली सगळी हसली. मीही हसलो, पण मनातून नाही.

१४ डिसेंबर, सोमवार

अमरसिंहांनी आज स्पष्ट सांगितलं. नवा घोडा येतोय, तबेल्यात ठाण मोकळं नाही. इचलकरंजीच्या बाळासोनं कावेरी मागितली आहे. त्याचा बँड आहे, वरातीला घोडी लागते.

"पुण्यात सरळ चालली तर ठीवू. न्हाई तर बाळासो टेम्पो घेऊन येईल. मनाला लावून घेऊ नका, अप्पा."

लावून घेऊ नका! पत्र्याच्या डब्याचा आवाज झाला तरी अंगावर काटा येणारी घोडी ही. तोंडाशी फटाक्यांची माळ, कानाशी ताशा, पाठीवर दारू प्यालेला नवरदेवाचा भाऊ. रात्रभर डांबरावर.

ती मात्र माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून डुलक्या घेत होती.

१६ डिसेंबर

आज माझ्या हातून वाईट झालं. उजव्या गोलात लगाम ओढला — शिकवताना पोरांना ज्यासाठी रागावतो तसा. उतरून बघतो तर ओठाच्या कोपऱ्याला सोललंय. मिठाच्या कोमट पाण्यानं धुतलं. तिनं तोंड फिरवलंसुद्धा नाही. फिरवलं असतं तर बरं वाटलं असतं.

महादेवा, हात हलका ठेव.

१८ डिसेंबर

तोंड बरं होईपर्यंत लगाम नको. नुसती दोरीवर फिरवली, पाठीवर मी नाही. उजवीकडे अगदी गोल गेली! म्हणजे काय समजायचं? घोडी लबाडी करते? माझ्यावर राग आहे?

२० डिसेंबर, रविवार

शिवम्मा हट्टाला पेटली. "दीड वरीस झालं, मी ह्या खोलीचं आढं बघतोय. मला मैदानावर न्या." अमरसिंहांनी जीप पाठवली. खोगिराच्या खोलीतली खुर्ची आणून बाभळीखाली ठेवली, तिच्या डाव्या कुशीला उशी लावली. उशी नसली की ती त्याच बाजूला कलत जाते.

कावेरीचं तोंड बरं झालं आहे. मी लांब लगाम सोडून दुडकी चालवली. डावा गोल छान. उजवा — व्हायचं तेच झालं.

अमरसिंहांनी मान हलवली. केरबा तोंडात तंबाखू धरून उभा. आणि शिवम्मा एकदम मोठ्यानं ओरडली, "री! मला खाली ठेवा की!"

मी घोडी थांबवली. म्हटलं हिला काय होतंय! उतरून धावत गेलो.

म्हणते, "मला काय न्हाई झालं. तुम्ही वर बसून पण मला उचलताय. रोज मोरीवर नेताना कंबर अशी डावीकडं काढता आणि मला तिच्यावर घेता न्हवं का — घोड्यावर बी तशीच काढलीया. मग ती बिचारी जाणार कुठं? ज्या बाजूला वजन त्या बाजूला जातीया."

मग केरबानं मला पुन्हा घोडीवर बसवलं, मागं उभा राहून नीट बघितलं आणि तंबाखू थुंकला. "काकू बरोबर सांगत्यात. अप्पा, तुमचा कमरंचा पट्टा डावीकडं उतरलाय. घोडी न्हाई वाकडी — तुम्ही वाकडं झालाय."

घोडी वाकडी म्हणून मी किती दिवस तिला दोष दिला! दात तपासले, नाल तपासली, तोंड सोललं. आणि ती मी वरून जे सांगत होतो तेच करत होती.

२१ डिसेंबर

चपला उलट्या करून बघितल्या. डाव्या टाचेची कड झिजून तिरपी. शिवम्माला धरून नेताना मी तिच्या उजव्या अंगाला उभा राहतो. तिचा धड हात माझ्या मानेवर, भार माझ्या डाव्या कमरेवर. दीड वर्ष असंच.

२३ डिसेंबर

सरळ बसणं फार अवघड आहे. केरबा मागून सांगतो, "आता सरळ हाय." आणि मला वाटतं मी उजवीकडे पडतोय! कावेरीही गोंधळली. थांबून कान मागं करते, जणू विचारते, हा नवा कोण बसलाय?

शिवम्मा म्हणाली, "बाजू बदला. मला दुसऱ्या अंगानं उचला, म्हणजे कंबर आपोआप जागेवर येईल."

"त्या बाजूचा हात धरत नाही तुझा."

"मग तुम्ही धरा त्याला!"

धरला. उचललं. तिचा हात मानेवरून निसटला, माझा तोल गेला, दोघं खाटेवर आडवे! घाबरून बघतो तर ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेय. "घोडीसाठी बायकूला पाडली म्हणून पेपरात येईल!"

२८ डिसेंबर, सोमवार

आता जमतंय. तिच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, तिचं मनगट माझ्या छातीशी धरायचं, आणि ती 'हं' म्हणाली की उठायचं. माझ्या हुकमानं नाही, तिच्या. आधी मी तिला पोत्यासारखी घेऊन जात होतो — आता दोघं मिळून उठतो. एवढे दिवस हे सुचलं कसं नाही?

उजवा गोल अर्ध्यापर्यंत गेला आज!

६ जानेवारी १९९९

पुण्याचा पाठ पाठ होत नाही. मैदानाच्या कडेला इंग्रजी अक्षरं लावलेली असतात आणि तीही ओळीनं नाहीत. गावच्या शाळेत शिकलेला मी, घोटाळा होतो. मग मी देवळाची प्रदक्षिणा धरली. महाद्वारातून आत यायचं, गाभाऱ्यासमोर थांबून नमस्कार, डावीकडून फेरी, मग उजवीकडून. आता चुकत नाही. परीक्षकाला करायचा नमस्कार मी कुणाला करतो ते मला ठाऊक!

१४ जानेवारी, संक्रांत

शिवम्मानं कावेरीसाठी तीळगूळ दिला. "सांगा तिला, गोड बोल आणि गोल चाल." घोडीनं तळहात चाटून साफ केला.

आज दोन्ही गोल सारखे.

२३ जानेवारी, शनिवार, पुणे

झालं.

आत शिरलो, मधोमध थांबलो. चारी पाय सारखे. नमस्कार केला. डावा गोल सुरेख. उजवा सुरू झाला तेव्हा मन भरून आलं — हाताला वजन नाही, घोडी माझ्याखाली वाऱ्यासारखी. आणि अर्ध्यावर कमरेत कळ आली. जुनी सवय! क्षणभर डावीकडे बसलो. कावेरी लगेच डावीकडे गेली. मी सावरलो, तीही सावरली. पण गोल फुटला तो फुटला.

नाव खाली आहे, बरंच खाली. परीक्षक बाई जाताना म्हणाल्या, "घोडी फार प्रामाणिक आहे तुमची. वरच्याचं सगळं ऐकते." चांगलं म्हणाल्या की वाईट, कळलं नाही.

परतीच्या वाटेवर साताऱ्याला अमरसिंहांनी चहा सांगितला. मग म्हणाले, "अप्पा, तुम्ही लई केलं. पण शब्द म्हणजे शब्द. रविवारी बाळासो येतोय."

२५ जानेवारी, सोमवार

शिवम्माला सांगितलं. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"तिनं माझं ओझं वाहिलंय," म्हणाली. "तुमच्या कमरंतनं माझंच वजन जात हुतं तिच्यावर. जायच्या आत मला एकदा बसवा."

"खुर्चीत उशीशिवाय बसता येत नाही तुला."

"दोघं धरा की दोन्ही बाजूला. अमरदादांना विचारा."

विचारलं. "पडल्या म्हंजे?" एवढंच म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

२९ जानेवारी

कावेरीच्या आयाळीतून कंगवा फिरवत बसलो. प्रार्थनेत मागायचं काय ते सुचेना. नुसतं नाव घेत राहिलो.

३१ जानेवारी, रविवार

शिवम्मा कावेरीवर बसली! डावीकडे मी, उजवीकडे केरबा, कमरेला रुंद पट्टा. घोडी हळू चालायला लागली. थोडं पुढं जातो तोच शिवम्मा डावीकडे कलली, आणि मी हात वर करायच्या आत कावेरीनं डावीकडे पाऊल टाकलं — तिच्या खाली गेली, तिला मधोमध घेतलं आणि थांबली. पुन्हा चालली. पुन्हा कलली, पुन्हा ती खाली गेली. आम्ही दोघं नुसते बाजूनं चाललो, हात न लावता. शिवम्मा ताठ बसून समोर बघत होती.

बाळासोचा टेम्पो फाटकात येऊन उभा होता. अमरसिंह त्याच्याकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. टेम्पो रिकामा वळला.

परत आले, कावेरीच्या मानेवर हात ठेवला आणि खाली बघत म्हणाले, "काकूंना उद्या सकाळीच आणा, अप्पा. ऊन व्हायच्या आत."